आईच्या पासबुकावर माझं नाव

संक्रांत झाली की मी लाल वही काढते. मिरजेहून आणलेली, कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारी लिहायला वापरतात तसली. बाहेर मिशिगनमध्ये गुडघाभर बर्फ असतो आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भारतातली खाती लिहून काढते. बँक, शाखा, खाते क्रमांक, कोणाकोणाची नावं, वर्षातली सर्वात मोठी शिल्लक, व्याज, टीडीएस. नवरा म्हणतो, एक्सेलमध्ये कर. एक्सेलमध्ये आहेच. पण हातानं लिहिताना जी खाती आठवतात ती एक्सेलमध्ये आठवत नाहीत, आणि हे मी तीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करून सांगते आहे.

मी सीए नाही, वकीलही नाही. स्वतःचा घोळ निस्तरताना जे शिकले ते मंडळातल्या दोघातिघांना सांगितलं, आणि तेव्हापासून दर मार्चमध्ये फोन सुरू होतात. "ताई, ते एफबारचं काय असतं हो?" एफबार म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांचा अमेरिकी सरकारला दरवर्षी द्यायचा अहवाल. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. राहायला अमेरिकेत आणि खाती भारतात, अशा माणसांसाठी हे आहे. भारतात कंपनी, भागीदारी किंवा ट्रस्ट असेल तर माझं ऐकू नका, दोन्हीकडचे कायदे कळणारा माणूस गाठा.

तो कागद

२०१६ च्या मे महिन्यात आई फोनवर म्हणाली, "बँकेतून तुझ्या नावानं कागद आलाय. सही पाहिजे म्हणतात." दादानं फोटो पाठवला. वर लिहिलं होतं: फॅटका-सीआरएस स्वयंघोषणा. तुम्ही भारताबाहेर कोणत्या देशाचे करनिवासी आहात, आणि तिथला तुमचा कर क्रमांक काय? तो क्रमांक म्हणजे माझा सोशल सिक्युरिटी नंबर. मिरजेच्या बँकेला तो कशाला हवा, असं मनात आलं आणि त्या रात्री मी वाचायला बसले.

बाबा रेल्वेत होते. ते गेल्यावर आईनं घरातल्या सगळ्या खात्यांवर आणि एफडींवर दादाचं आणि माझं नाव लावून घेतलं. मी सुट्टीला गेले की ती कागद पुढे करायची आणि मी चहा पिता पिता सह्या करायचे. कशावर सही करतेय ते एकदाही वाचलं नाही. त्या उन्हाळ्यात दादाला कपाटातल्या सगळ्या पावत्या काढून ओळीनं मांडायला लावल्या, तेव्हा आईच्या बरोबरीनं माझं नाव असलेली अकरा खाती निघाली. माझी स्वतःची दोन धरून तेरा. मला विचारलं असतं तर मी शपथेवर 'तीन' म्हटलं असतं.

दादा वैतागला होता. "तुमच्या अमेरिकेला आईच्या पेन्शनीशी काय करायचंय गं?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की पैसा कोणाचा याच्याशी या अहवालाला कर्तव्य नाही. खात्यावर नाव कोणाचं, एवढंच तो विचारतो.

त्यांना कळतं कसं

फॅटका हा अमेरिकेचा २०१० चा कायदा. जगभरच्या बँकांनी अमेरिकी करदात्यांची खाती कळवायची, नाहीतर त्या बँकांच्या अमेरिकेतून येणाऱ्या पैशातून ३० टक्के कापून घेऊ, असा सज्जड दम त्यात आहे. भारतानं ९ जुलै २०१५ ला अमेरिकेशी करार केला. भारताच्या बाजूनं सही करणारे तेव्हाचे महसूल सचिव म्हणजे शक्तिकांत दास, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले तेच. तेव्हापासून वाट ठरलेली आहे. बँक मागच्या कॅलेंडर वर्षाची माहिती ३१ मेपर्यंत भारताच्या आयकर खात्याला देते, आणि ३० सप्टेंबरपर्यंत ती तिथून अमेरिकेला जाते. बँक थेट आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याला, काही लिहीत नाही.

जातं काय, तर नाव, पत्ता, अमेरिकेतला कर क्रमांक, खाते क्रमांक, ३१ डिसेंबरची शिल्लक आणि वर्षाचं व्याज. आपण एफबारमध्ये भरतो तो आकडा मात्र वर्षातल्या सर्वात मोठ्या शिलकेचा. म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत, आणि जुळावेत अशी कोणाची अपेक्षाही नाही. मंडळातले एक गृहस्थ या फरकानं दोन आठवडे झोपले नव्हते. जुळायला हवा तो खाते क्रमांक. त्यांच्या यादीत असलेला क्रमांक तुमच्या यादीत नसला की प्रश्न उभा राहतो.

यावर हटकून कोणीतरी म्हणतं, "आमच्या बँकेनं तर काहीच विचारलं नाही." खरं असेल. ३० जून २०१४ ला ज्या वैयक्तिक खात्यांत ५०,००० डॉलरपेक्षा कमी होते ती जुनी खाती न तपासण्याची मुभा बँकांना करारातच आहे. ती मुभा बँकेची. आपली मर्यादा वेगळी आणि फार खालची आहे.

एफबार कोणी भरायचा

एफबार फॅटकापेक्षा खूप जुना, १९७० च्या बँक सिक्रसी ॲक्टमधला. आजचं त्याचं नाव फॉर्म ११४. तो आयआरएसकडे जात नाही, अर्थखात्याच्या फिनसेन नावाच्या विभागाकडे जातो. तपासणी आणि दंडाचं काम मात्र २००३ पासून आयआरएसच करतं. त्यामुळे टॅक्स रिटर्न भरलं म्हणजे एफबार भरला असं होत नाही. बरेच जण इथेच फसतात.

कॅलेंडर वर्षात कधीही, अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की सगळी खाती दाखवायची. एकेका खात्याची मर्यादा नव्हे, बेरजेची. बेरीज एकदा ओलांडली की ज्या खात्यात तीनशे रुपये पडून आहेत तेही यादीत येतं.

नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यात येतातच. एच-१ आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर असलेले, दिवसांच्या हिशेबानं करनिवासी ठरले की तेही आले. एफ-१ वरच्या विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस त्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून ते सहसा सुटतात. मग नोकरी लागते, एच-१ मिळतो, आणि आपण आता विद्यार्थी नाही हे या बाबतीत कोणाच्या लक्षातच येत नाही.

दोन माणसं सगळे विसरतात. एक म्हणजे इथे जन्मलेलं बाळ. आजी-आजोबांनी कौतुकानं नातीच्या नावानं पुण्यात खातं उघडलं आणि रक्कम मर्यादेवर गेली, तर त्या सहा वर्षांच्या नातीनंही एफबार भरायचा असतो. सही आईवडिलांची. दुसरे म्हणजे ग्रीनकार्डवर बोलावून घेतलेले आईबाबा. वर्षातले सहा महिने ते कोथरूडमध्ये असोत नाहीतर डोंबिवलीत, ग्रीनकार्ड आहे तोवर त्यांचं पेन्शनचं खातं, ग्रॅच्युइटीच्या एफडी, डिमॅट, सगळं दाखवावं लागतं आणि त्यावरचं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये घ्यावं लागतं. ग्रीनकार्डचा अर्ज करताना हे कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर निम्मे आईबाबा व्हिजिटर व्हिसावरच खूश राहिले असते असं माझं मत आहे.

वही कशी भरायची

सगळी मेहनत इथे आहे. फॉर्म भरणं त्यामानानं अर्ध्या तासाचं काम.

पहिल्या पानावर मी फक्त प्रश्न लिहिते आणि दादाला फोन लावते. मागच्या वर्षी नवीन एफडी कोणती केली? कोणती मोडली? कोणती आपोआप पुढे गेली? पुढे गेलेल्या एफडीला काही बँका नवा क्रमांक देतात आणि मग ते नवं खातं होतं. जुन्या क्रमांकाची ओळ वहीत ठेवायची आणि पुढे 'बंद' लिहायचं, कारण त्या वर्षी काही दिवस का होईना ते होतं.

मग खाती. बचत, चालू, अनिवासी भारतीयांची एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खाती, एफडी, आरडी, डिमॅट, म्युच्युअल फंड, सरेंडर व्हॅल्यू असलेल्या एलआयसीच्या पॉलिसी, हे सगळं येतं. पीपीएफ आणि पीएफही मी दाखवते, माझ्या सल्लागाराचा तसा आग्रह आहे. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, शेत, लॉकर आणि लॉकरमधलं सोनं येत नाही. पाटल्या डॉलरमध्ये मोजत बसू नका.

पासबुकाचं पहिलं पान नीट वाचा. तुम्ही फक्त नॉमिनी असाल तर ते खातं तुमचं नाही, सोडून द्या. पण 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' किंवा 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असं लिहून शेजारी तुमचं नाव असेल, तर तुम्ही संयुक्त खातेदार आणि ते खातं पूर्ण रकमेनिशी तुमच्या यादीत. अर्धं आईचं, अर्धं माझं अशी वाटणी इथे चालत नाही. तिसरा प्रकार म्हणजे खातं दुसऱ्याचं आणि सहीचा अधिकार तुमचा. भावाच्या दुकानाच्या खात्यावर किंवा गावातल्या देवस्थानाच्या खात्यावर तुमची सही चालत असेल तर तेही दाखवायचं, फॉर्मच्या वेगळ्या भागात.

आमच्या दक्षिण महाराष्ट्रातल्या लोकांसाठी एक जादा सूचना. जुन्या पावतीवरची बँक आज असेलच असं नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. देना आणि विजया २०१९ च्या एप्रिलपासून बँक ऑफ बडोदा झाल्या. पुढच्या एप्रिलमध्ये सिंडिकेट कॅनरात गेली आणि आंध्रा, कॉर्पोरेशन युनियनमध्ये. फॉर्मवर आजच्या बँकेचं नाव आणि आजचा क्रमांक लागतो. वहीत मी कंसात जुनं नावही लिहिते, कारण आई अजून 'सांगली बँकेतले' असंच म्हणते.

पासबुकात एंट्र्या मारून आणायचं काम जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सांगा. भारतातलं वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँक आपणहून देते ते व्याजाचं प्रमाणपत्र अर्धंच उपयोगी पडतं. मी दादाला शब्द पाठ करून दिला आहे: "एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, व्याजाचा दाखला." काउंटरवरचा माणूस हमखास एप्रिलचा देतो. मग माझ्या स्वतःच्या खात्यांपुरता मी भारताच्या आयकर साइटवरचा २६एएस काढते. त्यात टीडीएस तारखेनिशी दिसतो, म्हणून कॅलेंडर वर्ष वेगळं काढता येतं.

आता आकडा. प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वात मोठी शिल्लक रुपयांत घ्यायची आणि अमेरिकेचं अर्थखातं ३१ डिसेंबरचा जो दर जाहीर करतं त्यानं भागायचं. शिल्लक मार्चमधली असली तरी दर डिसेंबरचाच. समजा दर ८५ आहे. आईबरोबरच्या बचत खात्यात मार्चमध्ये ६,१०,००० रुपये होते. एप्रिलमध्ये त्यातले ४,००,००० काढून एफडी केली. माझ्या एनआरओमध्ये जास्तीत जास्त ५,४०,००० होते. तर फॉर्मवर जातील ७,१७७ डॉलर, ४,७०६ डॉलर आणि ६,३५३ डॉलर. अपूर्णांक नेहमी वरच्या डॉलरला. बेरीज १८,२३६. तेच चार लाख दोनदा मोजले गेले हे दिसतंच आहे. जाऊ दे. असंच असतं आणि त्यावर कोणी कर लावत नाही. माझ्या मनातल्या टेस्टरला हे दरवर्षी खुपतं.

शिल्लक नेमकी कोणत्या दिवशी सर्वात मोठी होती हे कळत नसेल तर पासबुकातल्या नोंदींवरून प्रामाणिक अंदाज चालतो.

फॉर्म

फिनसेनच्या बीएसए ई-फायलिंग साइटवर जाऊन एकट्या माणसाला खातं न उघडता फॉर्म ११४ भरता येतो. फी नाही. कागदी फॉर्म टपालानं पाठवायचे दिवस गेले. मुदत १५ एप्रिल, पण ती न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मी तरी एप्रिलच धरते, ऑक्टोबरमध्ये दिवाळी असते.

एकट्याची खाती दुसऱ्या भागात, संयुक्त खाती तिसऱ्या भागात, नुसत्या सहीची चौथ्या भागात. संयुक्त खात्यात मुख्य जोडीदाराचं नाव आणि पत्ता लागतो, बाकीचे किती तेही. आईला अमेरिकेचा कर क्रमांक नाही, ती जागा मी रिकामी ठेवते. नवराबायकोपैकी एकाची दाखवायची सगळी खाती जर दुसऱ्याबरोबर संयुक्त असतील तर त्या दुसऱ्यानं दोघांचा मिळून भरला तरी चालतो. त्यासाठी ११४ए वर दोघांच्या सह्या करून तो कागद घरातच ठेवायचा. आमचं ते जमत नाही. म्हणून आमचे दोन.

पाठवल्यावर जी पोच येते तिची पीडीएफ जपून ठेवा. खात्यांचे कागद निदान पाच वर्षं ठेवायचे असतात. माझ्याकडे पहिल्या वर्षापासूनचे आहेत, पण तो स्वभाव झाला.

टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल बीच्या तळाशी एक प्रश्न असतो, परदेशात खातं आहे का किंवा सहीचा अधिकार आहे का. सॉफ्टवेअर तो सहज जाता जाता विचारतं आणि आपण सहज 'नाही'वर टिचकी मारतो. मी पंधरा वर्षं मारली. तिथे 'हो' आणि 'भारत' लिहायचं. त्याखेरीज परदेशातल्या आर्थिक मालमत्तेचा फॉर्म ८९३८ रिटर्नबरोबर जातो. अमेरिकेत राहून एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठी त्याची मर्यादा वर्षाच्या शेवटच्या दिवशी १,००,००० डॉलर किंवा वर्षात कधीही १,५०,००० डॉलरच्या वर. एकट्यासाठी त्याच्या निम्मी. तो लागू असून भरला नाही तर आयआरएसची तीन वर्षांची तपासणीची मुदत सुरूच होत नाही. एक भरला म्हणून दुसरा माफ नाही, दोन्ही लागू असतील तर दोन्ही.

व्याज

एफबारवर कर नाही, व्याजावर आहे. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असतं, बँकेच्या जाहिरातीत ते मोठ्या अक्षरांत असतं, आणि म्हणून ते इथे दाखवायचं नसतं अशी लोकांची ठाम समजूत असते. इथे ते पूर्ण करपात्र आहे. तीन किंवा पाच वर्षांच्या एफडीचं व्याज शेवटी एकदम मिळणार असलं तरी इथे ते दरवर्षी दाखवावं लागतं. व्याजाला आयआरएसचा वर्षाचा सरासरी दर लावतात. म्हणजे शिलकेला एक दर आणि व्याजाला दुसरा. वहीत मी ते दोन रंगांत लिहिते.

एनआरओवर बँक ३० टक्के आणि वर उपकर, असा ३१.२ टक्के टीडीएस कापते. भारत-अमेरिका कर-करारानुसार व्याजावर भारताचा हक्क १५ टक्क्यांचाच आहे. इथे १११६ फॉर्मवर भारतात भरलेल्या कराची वजावट घेताना सगळे ३१.२ टक्के लावू नका. जे भारताकडून परत मिळू शकतं त्याची वजावट अमेरिका देत नाही. भारतात रिटर्न भरून जास्तीचे परत मागायचे, किंवा आयआरएसकडून करनिवासाचा दाखला, म्हणजे ६१६६, काढून भारताच्या १०एफ फॉर्मबरोबर बँकेला आधीच द्यायचा.

आईच्या खात्यांचं काय? सल्लागारानं सांगितलं की पेन्शन तिची, व्याज तिचं, भारतात तीच त्यावर कर भरते, तर खातं तू दाखव आणि उत्पन्न तिचं राहू दे. मात्र त्या खात्यात पैसे कुठून आले हे दाखवणारी पासबुकाची पानं जवळ ठेव. म्हणून ती पानं मी स्कॅन करून ठेवते, आणि त्या खात्यातून स्वतःसाठी एक रुपयाही काढत नाही.

भारतातले म्युच्युअल फंड हा मोठा काटा आहे. अमेरिकेच्या नियमात ते पीएफआयसी, म्हणजे एका खास प्रकारच्या परदेशी गुंतवणूक कंपन्या, ठरतात, एकेका फंडाला ८६२१ फॉर्म लागू शकतो आणि कराचा हिशेब डोकं फिरवणारा असतो. लहान रकमांना सूट आहे, पण ती तुम्हाला लागू पडते की नाही हे जाणकाराकडून बघून घ्या. नवी एसआयपी मात्र सुरू करू नका.

आणि भारताच्या बाजूनं एक. अमेरिकेला आल्यावर स्वतःचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमाच्या, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याच्या, नियमात बसत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. आईच्या निवासी खात्यावर जवळची नातेवाईक म्हणून माझं नाव चालतं, पण मी एनआरआय आहे हे बँकेच्या नोंदीत हवं. मिरजेच्या पत्त्यावर निवासी म्हणून सही करून तो फॅटकाचा कागद परत पाठवावा, असा सल्ला मला काउंटरवरूनच मिळाला होता. सल्ला देणाऱ्याला वाटलं तो मदत करतोय. अशी खोटी सही केली की विसरभोळेपणाची बुद्धिपुरस्सर लपवणूक होते. मी कर क्रमांक लिहून पाठवला.

मागची वर्षं

इथे घाबरलेल्या माणसाचा फोन असतो. व्हॉट्सॲपवर त्यानं आकडे वाचलेले असतात. आकडे खरे आहेत. नकळत राहिलं तर मूळ कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत दंड, महागाईप्रमाणे तो दरवर्षी वाढतो. जाणूनबुजून लपवलं तर १,००,००० डॉलर, तोही वाढता, किंवा खात्यातल्या रकमेच्या निम्मे, यातलं जे जास्त असेल ते. पण २०२३ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं बिटनर यांच्या खटल्यात निकाल दिला. रोमानियात राहिलेल्या या अमेरिकी नागरिकाच्या पाच वर्षांतल्या खात्यांची मोजणी २७२ झाली होती, आणि सरकार प्रत्येकी दहा हजार धरून २७ लाख २० हजार डॉलर मागत होतं. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, नकळत झालेल्या चुकीला दंड दर अहवालामागे, दर खात्यामागे नाही. रक्कम ५०,००० वर आली. माझ्या तेरा खात्यांच्या वेळी हा निकाल नव्हता. त्या वर्षी मी केलेले गुणाकार अजून वहीच्या मागच्या पानावर आहेत.

उत्पन्न सगळं दाखवलं होतं आणि फक्त एफबार राहिला, तर उशिराचे एफबार कारण लिहून भरण्याची सोय आहे. आयआरएसनं तुम्हाला त्याबद्दल आधी गाठलेलं नसेल तर सहसा दंड होत नाही. उत्पन्नही राहिलं असेल, पण चूक खरोखर नकळत असेल, तर स्ट्रीमलाइन्ड पद्धत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तीन वर्षांची सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, थकलेला कर व्याजासह, आणि वर्षअखेरच्या शिलकेची बेरीज ज्या वर्षी सर्वात मोठी होती तिच्या ५ टक्के दंड भरायचा. बरोबर १४६५४ या फॉर्मवर आपली हकिकत. परदेशात राहणाऱ्यांना हे ५ टक्केही नाहीत. तपासणीची नोटीस आली की हा दरवाजा बंद होतो.

मी यातूनच गेले. माझी एनआरओची व्याजं राहिली होती. हकिकत लिहायला तीन रविवार लागले, कारण वकीलबाई प्रत्येक ठिकाणी समासात लिहायच्या, 'कोणत्या वर्षी? कोणी सांगितलं? तुम्ही काय उत्तर दिलंत?' 'मला माहीत नव्हतं' एवढं एक वाक्य लिहून चालत नाही. चहा पिता पिता केलेल्या सह्यासुद्धा मी लिहिल्या. सर्वात मोठी बेरीज ६१,४०० डॉलर होती, दंड ३,०७० डॉलर, आणि वकिलांची फी त्याहून जास्त. त्या बेरजेत आईची एफडीही होती. कागदावर माझं नाव आहे, मग आकडा धरावा लागेल, असं वकीलबाईंचं मत पडलं. बाबांच्या फंडाच्या पैशावर पाच टक्के दिले हे मी आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

काही जण गुपचूप या वर्षीपासून बरोबर भरायला लागतात आणि मागचं झाकून ठेवतात. करू नका. पहिला एफबार भरताना त्यात दहा वर्षं जुनी एफडी दिसली की विचारणाऱ्याला विचारायला सोपं जातं.

परत जाणाऱ्यांसाठी थोडंसं

माझी मैत्रीण पुण्याला परतली तेव्हा तिला वाटलं, सुटले. पण आता तिची परदेशी खाती म्हणजे इथली. सुरुवातीची दोनतीन वर्षं ती भारतात 'सामान्य रहिवासी नाही' या वर्गात होती तोवर सूट होती. ती संपली की भारताच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, आलं. त्यात इथलं बँक खातं, निवृत्तीसाठीचं ४०१के, शेअर, सगळं, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीची मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर तो लागत नाही. आणि वाट उलट्या दिशेनंही वाहते. इथल्या बँकांची माहिती अमेरिका भारताला देते, बाकी शंभरावर देशांकडून सीआरएस या माहिती-देवाणघेवाणीच्या व्यवस्थेखाली येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आयकर खात्यानं त्या यादीवरून लोकांना रिटर्न सुधारून घ्या असे निरोप पाठवले, तेव्हा तिनं मला रात्री दोनला उठवलं होतं. मी तिला विचारलं, वही आहे का? ग्रीनकार्ड परत केलेलं नसेल तर दोन्हीकडचं भरायचं, हे तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. एका रात्रीत तेवढं पुरे होतं.

यंदाची वही अजून पूर्ण नाही. परवा दादानं बँकेतूनच फोन केला. एक एफडी मुदतीला आली होती, नवी करायची होती, आणि मॅनेजर विचारत होते नावं कोणाची. मी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला, "तिचं नाव लाव आधी."

लाव म्हटलं. पावतीचा नंबर मात्र घरी जायच्या आधी पाठव.